बोट नाखव्याची, जागा कोणाची?

मालकी म्हणजे नेमकं काय, हे सांगण्यासाठी ऑलिव्हर हार्ट आणि जॉन मूर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९० साली एका निबंधात एक आलिशान नौका उभी केली. नौकेशी संबंध तिघांचा: एक धनाढ्य गिऱ्हाईक, एक कप्तान आणि एक आचारी. आचाऱ्याने आधी १०० खर्चून खास तयारी केली, तर पुढे गिऱ्हाइकाला २४० मोलाची मेजवानी मिळणार आहे. कप्तान बदलता येतो, तसले कप्तान पुष्कळ. प्रश्न एवढाच, की नौका कोणाच्या नावावर असावी?

ती कप्तानाच्या नावावर असेल, तर मेजवानीच्या वेळी तिघेही अडून बसू शकतात आणि २४० चे तीन वाटे पडतात. आचाऱ्याला मिळतात ८०. शंभर घालून ऐंशी कोण घेईल? तो तयारी करतच नाही. नौका गिऱ्हाइकाच्या नावावर असेल, तर कप्तानाला अडून बसायला काही उरत नाही. वाटे दोन, आचाऱ्याला १२० आणि मेजवानी होते. गंमत अशी, की आचाऱ्याच्या मालकीत काहीच बदललं नाही. नौका दोन्ही वेळा दुसऱ्याचीच. बदललं ते एवढंच, की नाही म्हणण्याचा अधिकार कोणाकोणाकडे आहे.

त्या नौकेवर कुणी मासे पकडत नाही. पण तिच्यावरचा हिशेब मांडून पाहायला मुंबईच्या उत्तर टोकाला एक चांगली जागा आहे. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी. कागदोपत्री हा भाग मुंबई उपनगर जिल्ह्याचा आणि महापालिकेच्या हद्दीतला. पाहायला गेलं तर खाडी, माडांची झाडं, ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची जुनी घरं, ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आणि हंगामात बांबूंच्या वलांड्यांवर ओळीने टांगलेले बोंबील. मढ, मनोरी, गोराई, उत्तन हा सगळा पट्टा डोल जाळ्याचा. शनिवारी-रविवारी येणारा मुंबईकर इथे किनारा आणि रिसॉर्ट बघून परततो. वलांड्यांच्या बाजूने जाताना तो नाकाला रुमाल लावतो, आणि इथल्या अर्थशास्त्राचा सगळ्यात महत्त्वाचा धडा नेमका तिथेच चुकवतो.

आधी डोल. हे जाळं माशाच्या मागे धावत नाही. लांबलचक पिशवीसारखं, तोंडाशी मोठ्या आसांचं आणि शेपटाकडे बारीक होत जाणारं हे जाळं समुद्रात एका ठरलेल्या जागी खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर उभं करतात. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून धावतं आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी शेपटात साठतात. पाण्याची दिशा बदलायच्या आत जाळं उचलावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, तेव्हा कामाची घाई; भांगाच्या दिवसांत पाणी मंद, तेव्हा कामही मंद. घड्याळ चंद्राचं, माणसांचं नाही.

आता एक भाबडा प्रश्न विचारता येतो. या कामासाठी रोज सकाळी बंदरावर बाजार का भरत नाही? ज्याच्याकडे बोट आहे त्याने ती त्या दिवसापुरती भाड्याने द्यावी, जाळंवाल्याने जाळं, बोट हाकणाऱ्या तांडेलाने आपलं कसब, खलाशांनी आपले हात, आणि संध्याकाळी सगळे मोकळे. १९३७ साली रोनाल्ड कोझ यांनी कारखान्यांविषयी हाच प्रश्न विचारला होता, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. बाजार इतका कार्यक्षम आहे असं आपण म्हणतो, तर मग कंपन्या कशाला लागतात? त्यांचं उत्तर साधं होतं: बाजार फुकट चालत नाही. माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा, तो पाळला जातो का ते पाहा, या सगळ्याला खर्च आहे. तो खर्च एका मर्यादेपलीकडे गेला, की सौद्याऐवजी हुकूम स्वस्त पडतो. या विचाराला नोबेल मिळायला १९९१ साल उजाडलं. मनोरीच्या नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, हे समजायला एवढी वर्षं लागली नसती. जाळं पाण्यात ताणलेलं असताना खलाशाशी मजुरीची घासाघीस करायला बसलं, तर पाणी फिरतं.

मात्र हुकूम चालतो एवढ्याने हुकूम कोणी द्यायचा हे ठरत नाही. १९७२ साली आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेम्सेट्झ यांनी एक उदाहरण घेतलं: दोन माणसं मिळून जड माल ट्रकमध्ये चढवत आहेत. किती माल चढला हे दिसतं, पण कोणी किती जोर लावला हे दिसत नाही. मग प्रत्येकाला थोडी ढिलाई करण्याचा मोह होतो. म्हणून कोणीतरी लक्ष ठेवणारा हवा. आणि लक्ष ठेवणाऱ्यानेच ढिलाई करू नये म्हणून सगळ्यांची देणी भागवून उरलेली रक्कम त्याची. त्यांच्या मते मालक म्हणजे हाच. याच सुमारास स्टीव्हन चेउंग एक किस्सा सांगत, तो अर्थशास्त्राच्या वर्गांत अजून फिरतो. चीनमध्ये नदीकाठाने दोरांनी बोट ओढणाऱ्या मजुरांवर मुकादम चाबूक चालवत होता. बोटीतल्या बाईने हरकत घेतली, तर तिला सांगण्यात आलं की त्या मुकादमाला या मजुरांनीच नेमलंय. किस्सा खरा असेल-नसेल. मला तो नेहमीच जरा जास्त सोयीचा वाटत आला आहे.

जाळं ओढणं हे माल चढवण्यासारखंच काम. पण समुद्रावर लक्ष ठेवणं महाग पडतं. म्हणून जगभरच्या मासेमारीत रोख पगाराऐवजी वाट्याची पद्धत शतकानुशतकं टिकली. विक्रीतून डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करायचा. उरलेल्यातला काही भाग बोटीचा, काही जाळ्याचा, बाकीचा माणसांचा, तांडेलाला थोडा चढा. हिशेब बंदरागणिक बदलतो, तत्त्व तेच. रिकाम्या हाताने परत आलं तर सगळेच रिकामे. यात धोक्याची वाटणी होते आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर आपोआप लक्ष ठेवतो.

तरीही मुंबईच्या अनेक बंदरांत आज परप्रांतातून आलेले खलाशी महिन्याच्या पगारावर, हंगामाआधी उचल घेऊन काम करतात. गावातली मुलं नोकऱ्यांकडे वळली हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. ते खरं आहे, पण अपुरं. वाट्याची पद्धत तिथे शोभते जिथे मासा शोधावा लागतो, जिथे खलाशाच्या डोळ्यावर, जागरणावर, हुरुपावर मिळकत ठरते. डोल जागेवर उभी असते. तिथे खलाशाच्या हुरुपापेक्षा जाळ्याची जागा, वेळ आणि जाळ्याची तब्येत यांवर जास्त अवलंबून असतं. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिल्ग्रॉम यांनी १९९१ साली दाखवलं, की एकाच माणसाकडे दोन कामं असतील, एक मोजता येणारं आणि एक न येणारं, तर मोजता येणाऱ्या कामावर बक्षीस लावल्याने दुसऱ्या कामाची हेळसांड होते. मासळीच्या पाट्या मोजता येतात. जाळ्याची काळजी मोजता येत नाही. ज्याला फक्त पाट्यांवर पैसे मिळतात तो जाळं घासत, फाडत ओढेल. म्हणून डोलीच्या धंद्यात जाळं आणि बोट एकाच घरात असणं आणि त्या घरातला कोणीतरी स्वतः बोटीवर असणं, ही परंपरा नुसती परंपरा नाही.

इथे हार्ट यांचा खरा मुद्दा येतो. सॅनफर्ड ग्रॉसमन यांच्याबरोबर १९८६ साली आणि मग मूर यांच्याबरोबर १९९० साली त्यांनी मांडलं, की कोणताही करार पूर्ण नसतो. पुढच्या हंगामात काय काय होईल ते सगळं कोणी लिहू शकत नाही. लिहिलेलं संपतं तिथे कोणाचा शब्द चालणार, हे ज्यावरून ठरतं ती मालकी. भाडेकरूला करारातले हक्क मिळतात. करारात नसलेल्या सगळ्या गोष्टींचा हक्क घरमालकाकडे उरतो. उरलेला पैसा कोणाचा, यापेक्षा उरलेला निर्णय कोणाचा, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. २०१६ चं नोबेल हार्ट यांना होल्मस्ट्रॉम यांच्याबरोबर मिळालं ते या कामासाठी.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत बोट किनाऱ्यावर चढवलेली, जाळी घरात. बाहेरच्याला वाटतं धंदा बंद आहे. खरं तर मालकी असते कशासाठी, ते याच दिवसांत कळतं. फाटलेली आस न् आस शिवायची, बोटीचा तळ घासायचा, फटी बुजवायच्या, इंजिन उघडायचं. यातलं काहीही करारात नीट लिहिता येत नाही. ‘जाळं व्यवस्थित दुरुस्त करावे’ या वाक्यातलं ‘व्यवस्थित’ कोणतं न्यायालय मोजणार? बोट दुसऱ्याची असती, तर पुढच्या हंगामात तो आपल्याला ठेवेल की नाही या शंकेने हात आखडता राहिला असता. आपली असल्यामुळे माणूस पावसात बसून शिवतो. आचाऱ्याच्या १०० चा कोळीवाड्यातला अवतार म्हणजे ही शिवण.

इथवर सगळं बोटीभोवती फिरलं. अर्थशास्त्राची पुस्तकंही सहसा इथेच थांबतात: यंत्र कोणाचं, कारखाना कोणाचा, नौका कोणाची. मनोरीत मात्र एक पाऊल पुढे, वलांड्यांपर्यंत जावं लागतं.

बोंबील हा मासा म्हणजे जवळजवळ पाणीच. काटा नरम, अंग लुसलुशीत, आणि उन्हात काही तासांत त्याची रया जाते. सुरमई बर्फात वाट पाहू शकते, बोंबील फार वाट पाहत नाही. बंदरावर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याने दहा मिनिटं भाव केला तर त्याचं काही जात नाही. विकणाऱ्याच्या मालाची किंमत दर मिनिटाला उतरते. उद्योगांच्या अभ्यासात ‘अडवणूक’ म्हणून जो प्रकार येतो त्याची इतकी उघडी-नागडी आवृत्ती दुसरीकडे क्वचित सापडेल.

आता एक काल्पनिक हिशेब. समजा बोंबलांच्या काही पाट्यांची शहरातली किंमत १००० रुपये आहे. व्यापाऱ्याला दिल्या नाहीत तर त्या कुजणार, म्हणजे शून्य. दोघंही सारखेच चिवट असतील तर सौदा मध्यावर, ५०० ला तुटेल. आता समजा त्याच पाट्या वलांडीवर टाकल्या तर सुकटीचे, मेहनत वजा जाता, ४०० मिळतात. आता विकणारा ४०० च्या खाली उतरणारच नाही. भांडण राहिलं फक्त वरच्या ६०० चं. त्याचे अर्धे ३००. सौदा ७०० ला तुटेल. आणि यातली खोच अशी, की या ७०० च्या सौद्यात एकही बोंबील सुकवला गेलेला नाही. वलांडी रिकामी राहिली आणि तरीही तिने २०० रुपये मिळवून दिले.

हार्ट-मूर यांच्या सिद्धांताचं मर्म एवढंच आहे. मालमत्ता वापरली जाते तेव्हाच कमावते असं नाही. ती आपली आहे आणि सौदा फिसकटला तर तिच्याकडे वळता येतं, एवढ्यावरही ती कमावते. कोळीवाड्यातली सुकवण्याची मोकळी जागा शहर-नियोजन करणाऱ्याला ओसाड दिसते. दिवसाचे कित्येक तास, वर्षाचे कित्येक महिने ती खरोखर रिकामी असते. पण ताज्या मासळीचा बंदरावरचा भाव तिच्यावर टेकलेला असतो. अवकाळी पाऊस आला की काय होतं ते पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस मुंबईच्या किनाऱ्यावर पडला. अशा पावसात वलांडीवरचा माल जातो, ते नुकसान पंचनाम्यात लिहिता येतं. त्या दिवशी ताज्या मासळीच्या सौद्यातलं बळही जातं. त्याचा पंचनामा होत नाही.

मग ही जागा कोणाची? बोटीला नोंदणी क्रमांक असतो, परवाना असतो, कर्ज काढायला ती तारण ठेवता येते. घराला, नशीब चांगलं असेल तर, मालमत्तापत्रक असतं. सुकवण्याची जागा बहुतेक कोळीवाड्यांत वहिवाटीची: पिढ्यान्‌पिढ्या वापर, पण नाव सरकारचं किंवा कोणाचंच धड नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख केला; त्यांचं सीमांकन हा त्यानंतरही रेंगाळणारा विषय आहे. त्यात घरं कुठवर याची मोजणी जितक्या आस्थेने होते तितकी वाळवणाच्या जागेची होत नाही. सिद्धांत इथे दोन गोष्टी सांगतो. पहिली: ज्या जागेवर शेवटचा शब्द आपला नाही तिथे कोणी ओटा बांधणार नाही, सौर वाळवणी यंत्र बसवणार नाही, म्हणजे जागा मागासच राहील. दुसरी: त्या मागासलेपणाकडे बोट दाखवूनच ती उद्या काढून घेतली जाईल. दुसरी गोष्ट सिद्धांतात नाही, ती मी जोडली.

नावावर असणं आणि ताब्यात असणं यांतलं अंतर कोळ्यांना नवं नाही. बोट बांधायला, इंजिन घ्यायला, नायलॉनची जाळी घ्यायला पैसे लागतात. व्यापारी ते देतो, पुष्कळदा व्याज न बोलता. अट एकच: माल मलाच घालायचा. बोट नाखव्याच्याच नावावर राहते, पण माल कोणाला विकायचा हा उरलेला निर्णय गेला. वर दिलेल्या हिशेबातले ४०० एका फटक्यात शून्य झाले, कारण सुकवण्याचीही मुभा उरली नाही. न बोललेलं व्याज भावात वसूल होतं. कायद्याच्या पुस्तकात हा माणूस मालक. हार्ट यांच्या व्याख्येत जवळपास नोकर.

सहकाराची कल्पना किनाऱ्यावर रुजली ती या गाठीमुळे. देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था रत्नागिरीजवळ कर्ला इथे १९१३ साली निघाली. पुढे यांत्रिकीकरणाच्या काळात महाराष्ट्राच्या बहुतेक बंदरांत संस्था उभ्या राहिल्या: कर्ज संस्थेमार्फत, डिझेल संस्थेच्या पंपावर, बर्फ संस्थेचा, डिझेलवरच्या कराचा परतावाही संस्थेच्या वहीतून. येल विद्यापीठातले हेन्री हान्समन यांनी १९९६ च्या पुस्तकात लिहिलं, की धंद्याची मालकी भांडवलवाल्याकडेच जावी असा नियम नाही. ज्या गटाला बाजारातून व्यवहार करणं सर्वांत महाग पडतं त्याच्याकडे मालकी आली तर एकूण खर्च कमी होतो. बर्फ वेळेवर मिळाला नाही तर ज्याचं सगळं नासतं त्याने बर्फाच्या कारखान्याचा मालक असावं. सहकाराचं याहून कोरडं आणि याहून पटणारं समर्थन माझ्या वाचनात नाही. अर्थात हान्समन हेही सांगतात, की मालकांचे हितसंबंध वेगवेगळे झाले की सामूहिक मालकी महाग पडू लागते. डोलवाले, ट्रॉलरवाले आणि पर्ससीनवाले एकाच सभेत बसले की काय होतं, हे कोणत्याही मच्छीमार संस्थेच्या सभासदाला विचारावं.

या सगळ्यात एक भिडू असा आहे ज्याची मालकी कोणालाच घेता येत नाही: विकणारी कोळीण. मनोरी-मढ-गोराईच्या बायका पाट्या घेऊन मालाड-बोरिवलीच्या बाजारांत बसतात. कोणाला गाभोळी आवडते, कोण उधारी बुडवतो, कोणत्या सोसायटीत श्रावण पाळत नाहीत, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. हार्ट आणि मूर यांच्या मांडणीचा पाया हाच आहे, की वस्तूंची मालकी घेता येते, माणसाच्या कसबाची नाही. ज्याच्या हातात वस्तू, त्याच्याकडे कसबवाले ओढले जातात. कोळीवाड्यात ओढ उलटीही असते. बोट नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, पण रोख पैसा बाईच्या कमरेला. बोटीने आणलेला मासा शेवटी तिच्या गिऱ्हाइकाशिवाय पैसा होत नाही. लग्नाने जोडलेला हा धंदा म्हणजे कोझ यांच्या भाषेत बोट आणि दुकान एकाच छपराखाली आणणं. व्यापाऱ्याच्या अडवणुकीवरचा हाही एक जुना उपाय. अर्थशास्त्रज्ञांना कुटुंब ही संस्था कंपनीपेक्षा नेहमीच अवघड गेली आहे. घरातला उरलेला निर्णय कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर गणिताने निघत नाही, आणि बोटीच्या कागदावर बाईचं नाव का नसतं याचं समर्थन कोणत्याच सिद्धांतात सापडत नाही.

राहिली ती सगळ्यांत विलक्षण मालमत्ता: समुद्रातली जागा. डोल जिथे लावतात त्या जागेला कव म्हणतात. कव पिढीजात मानली जाते. कोणाची कुठे हे गावाला ठाऊक असतं. सरकारच्या लेखी मात्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचं नियमन १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली होतं, आणि परवाना मिळतो तो बोटीला नि जाळ्याला. पाण्यातल्या विशिष्ट जागेचा सातबारा नसतो.

समुद्र सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही आणि म्हणून तो ओरबाडला जाणार, हे स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ सालीच मासेमारीचं उदाहरण घेऊन मांडलं होतं. डेम्सेट्झ यांनी १९६७ मध्ये पुढची पायरी सांगितली: एखाद्या गोष्टीची किंमत वाढली की तिच्याभोवती हक्क उगवतात. लाब्राडोरच्या आदिवासींमध्ये बीव्हरच्या कातड्याचा व्यापार वाढला तेव्हा शिकारीचे प्रदेश कुटुंबांमध्ये वाटले गेले. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम आल्या, २००९ च्या नोबेलच्या मानकरी, आणि त्यांनी दाखवलं की गॉर्डन यांचा ‘कोणाचाच नाही’ हा समुद्र बऱ्याच ठिकाणी गावाचा असतो. तुर्कस्तानातल्या अलान्याच्या मच्छीमारांनी जाळी लावण्याच्या जागांची यादी केली, दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या, आणि रोज एकेका जागेने पूर्वेकडे सरकायचं, जानेवारीनंतर पश्चिमेकडे. चांगल्या जागेचा पाळीपाळीने सगळ्यांना लाभ. सरकारचा पोलीस लागत नाही. ज्याची आज पाळी आहे तोच पहारेकरी.

आपल्याकडची कव पाळीपाळीने फिरत नाही, ती घराण्याला चिकटलेली. त्यामुळे ती राखण्यात जास्त स्वारस्य, पण नव्याला शिरकाव अवघड. एका गावाच्या आत हे चालतं. दोन गावांच्या मध्ये बिनसतं. वसई-उत्तनकडच्या डोलवाल्यांच्या कवी उत्तरेकडे सातपाटी, डहाणूच्या समोर सरकत गेल्या, अशी तिकडच्या मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे पाण्यावर तरंगती जाळी सोडणाऱ्यांच्या वाटेत डोलीचे खुंट येतात. प्रत्येक गाव आपल्या आठवणीतला समुद्र दाखवतं, आणि दोन्ही आठवणींना जोडणारा नकाशा कोणाकडेच नाही. गावाचा शब्द गावाच्या हद्दीपर्यंतच चालतो, आणि समुद्रात ती हद्द कुठे संपते हेच भांडण आहे.

आता मनोरीच्याच पाण्यात एक मोठा शेजारी यायचा आहे. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मुंबई महापालिकेचा प्रकल्प २०२० पासून मनोरीसाठी आखला जात आहे. दिवसाला २० कोटी लिटर पाणी, पुढे क्षमता दुप्पट करण्याची सोय. उभारणीबरोबर पुढची २० वर्षं तो चालवण्याचं कामही कंत्राटदारानेच करायचं, असा आराखडा. हा आराखडासुद्धा हार्ट यांच्याच चष्म्यातून वाचावा असा आहे. बांधणारा एक आणि चालवणारा दुसरा असेल तर बांधणारा स्वस्त पंप बसवून मोकळा होतो. दोन्ही कामं एकाकडे दिली की पुढची वीजबिलं डोळ्यांसमोर ठेवून तो बांधतो. पण तोच कंत्राटदार जिथे करारात मोजमाप नाही तिथे खर्च वाचवायलाही तितकाच उत्सुक असतो; सरकारी कामं खासगी हातांत देण्याबद्दल हार्ट, श्लायफर आणि विश्नी यांनी १९९७ साली दिलेला इशारा हाच. गोडं पाणी काढून घेतल्यावर उरलेलं दाट खारं पाणी समुद्रात परत सोडावं लागतं. ते कुठे, किती खोल, कोणत्या भरतीला, यातलं जेवढं करारात लिहिलं जाईल तेवढं लिहिलं जाईल. न लिहिलेलं महापालिका आणि कंत्राटदार ठरवतील. कव असलेला माणूस त्या कागदावरचा पक्षकार नाही.

कायद्यात अशा माणसासाठी दुसरी वाट आहे. उरणच्या परिसरात बंदर आणि भरावाच्या कामांमुळे मासेमारी गेलेल्या १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिला. पाण्याचा सातबारा नसताना उपजीविकेची किंमत मोजली गेली, ही मोठी गोष्ट. पण गिडो कॅलाब्रेसी आणि डग्लस मेलमेड यांनी १९७२ साली हक्कांचे जे प्रकार वेगळे केले, त्यांतल्या दोन मुख्य प्रकारांपैकी हा धाकटा. थोरल्या हक्कात तुमच्या संमतीशिवाय कोणी हात लावू शकत नाही, भाव तुम्ही सांगता. धाकट्यात हात आधी लागतो, भाव नंतर तिसरा कोणी ठरवतो. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा रस्त्याच्या पुलाचे खांब ६० ऐवजी १२० मीटर अंतरावर घ्यायला लावले, ते पूल पुरा होण्याआधी आणि बोटी मध्ये घालून. त्यांच्याकडेही कागद नव्हता. त्यांनी नुकसानभरपाईची वाट न पाहता थोरला हक्क असल्यासारखं वागून दाखवलं, आणि काही अंशी तो मिळवला.

मनोरीच्या कोळ्याकडे आज बोटीपुरता थोरला हक्क आहे. वलांडीच्या जागेवर आणि कवेवर त्याला काय मिळेल, धाकटा हक्क की तोही नाही, हे प्रकल्पाची नळी समुद्रात उतरण्याआधी गावाने आपल्या कवींचा नकाशा काढून कोणाच्या तरी टेबलावर ठेवला की नाही, यावर बरंचसं ठरेल. बोटींचे क्रमांक सरकारकडे आहेतच.